लोखंडी जावई

भाद्रपद वद्य सप्तमी

आज जावयाचं पोट वाढवलं. दुपारभर पत्रा तापवून वाकवत होतो.

जावई हे आमच्या हिने ठेवलेलं नाव. आम्हाला ना मुलगा ना मुलगी, तेव्हा खरा जावई येणार कुठून? पण हा रोज संध्याकाळी हातगाडीवर आडवा होऊन घरी येतो, अंगाला तेल चोळून घेतो, जागा अडवून पडतो आणि सकाळी एक शब्द न बोलता निघून जातो. म्हणून जावई. आहे लोखंडाचा. माणसाहून हातभर उंच, आतून पोकळ, पाठीला झाकण. झाकणातून हात घालून दिवसभराचे पोचे आतून ठोकून काढायचे, हेच माझं काम. राजवाड्यातून मला पोसतात ते एवढ्यासाठी.

त्याला घडवून तेरा वर्षं झाली. आंधळ्या महाराजांच्या थोरल्या मुलाने फाशांच्या खेळात चुलत भावांचं सगळं जिंकलं आणि त्यांना वनात धाडलं. खेळ सरळ नव्हता हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यावर कडी म्हणजे भर सभेत त्यांच्या बायकोकडे बघून थोरल्याने आपली मांडी थोपटली. ते मला तेव्हा आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. चुलत भावांतला गदावाला तिथल्या तिथे ओरडला, तुझी हीच मांडी फोडीन. तो थोरल्याच्याच वयाचा, दोघे एका अंगणात वाढलेले. ते वनात गेले आणि थोरल्याने मला बोलावून सांगितलं, अगदी त्याच्यासारखा लोखंडी माणूस करा, मला रोज सराव करायचाय.

तोंडावर मी त्यांना युवराज म्हणतो. इथे थोरलाच लिहिणार. लहानपणी भात्याशी खेळायला यायचा, तेव्हापासून मी त्याला ओळखतो.

आज तो स्वतः भट्टीवर आला. म्हणाला, "काका, बातमी पक्की आहे. तो वर्षभर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आचारी म्हणून लपला होता. पोट वाढवा त्याचं."

"किती वाढवू?"

त्याने आपल्याच पोटापुढे तळहात धरून बघितला. "दोन बोटं. नाही, तीन करा. आचारी होता म्हणजे पोटभर जेवला तरी असेल."

आणि मग उगाच जावयाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

भाद्रपद वद्य एकादशी

आज फक्त दोन पोचे. तेही बोटांनी चाचपून शोधावे लागले.

पहिल्या वर्षी एकेका घावाने मुठीएवढा खड्डा पडायचा. एकदा तर डावी बरगडीच आत गेली होती, नवी घालावी लागली. माझ्या नाकी नऊ यायचे. मग मी पत्र्याला पाणी द्यायची रीत बदलली, तापवायचा किती आणि बुडवायचा कधी यात बरीच खटपट केली, आणि वर्षागणिक पोचे उथळ होत गेले. आता असा पत्रा जमलाय की एवढ्या ताकदीच्या माणसाची गदासुद्धा त्याच्यावरून घसरते. स्वतःची फुशारकी मारू नये, पण इथे मारायला हरकत नाही, कोण वाचतंय.

थोरल्याला तसं म्हणालोही. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "हो काका, तुमचं लोखंड फार छान झालंय."

घरी येऊन हिला सांगितलं. ही जावयाच्या मानेला तेल चोळत होती. म्हणाली, "बघा हं, फुगून झाकण उडेल."

आश्विन शुद्ध चतुर्थी

तेलाचं भांडं घेऊन आखाड्यात लवकर गेलो, तर सराव संपला होता. थोरला जावयाच्या पायाशी बसून पाणी पीत होता आणि बोलत होता. मला वाटलं बरोबर कुणी आहे. कुणी नव्हतं.

"पोहण्यात तू पुढे, कुस्तीत तू पुढे, झाडावरची फळंसुद्धा तूच हलवून पाडायचास. आणि सगळे हसायचे. मी तरी काय करणार होतो?" असं काहीतरी म्हणत होता. मी खाकरलो, तसा तो उठला आणि गदा उचलून कोपऱ्यात ठेवली.

लहानपणी थोरल्याने त्या भावाला खाण्यातून विष घालून नदीत ढकललं होतं, अशी जुनी कुजबुज आहे. मी त्यावर कानांवर हात ठेवतो. खोटं असेल असं मात्र मनाला कधी पटवता आलं नाही.

तेल चोळता चोळता आज मी विषय काढलाच. "युवराज, तुम्ही वरच्या अंगाने सुरेख लढता. पण हा लोखंडाचा गडी उलटून मारत नाही. त्यामुळे तुम्हाला खाली जपायची सवयच राहिली नाही. आणि तो तर मांडीचंच बोलून गेलाय."

तो हसला. "काका, गदेच्या लढाईत कमरेखाली मारत नाहीत. नियम आहे."

"आणि त्याने मोडला तर?"

"तो ओरडतो फार. पण एकदा गदा हातात घेतली की सरळ माणूस आहे. मी रोज भेटतो ना त्याला, मला माहीत नाही होय?"

मी घरी येऊन हिला हे सांगितलं, तर ही म्हणाली, "फासे टाकताना कुठे गेले होते नियम?" मी म्हटलं, हळू बोल, भिंतीपलीकडे पहारा आहे. युद्ध होणार असं आता सगळेच म्हणतात.

आश्विन वद्य द्वितीया

जावयाला एक फिरता हात बसवायचं माझ्या मनात होतं, दोरी ओढली की खालून मांडीवर फटका देणारा. थोरल्याने नाही म्हटलं. "त्याला असलं काही करायला लावू नका," म्हणाला, जणू जावयाची बदनामीच होणार होती.

मग मी न विचारताच मांड्यांची कवचं करायला घेतली आहेत. पातळ, धोतराखाली दिसणार नाहीत अशी. आतून मऊ कातडं लावायचं काम हिने घेतलंय. शिवता शिवता म्हणाली, "रोज येतात हो ते याच्याकडे. सासरी गेलेल्या बहिणीकडे वर्षातून एकदासुद्धा जात नाहीत."

म्हटलं, सराव म्हणतात त्याला. हिने नुसता दोरा तोडला. बायकांना कशाचं काय वाटेल सांगता येत नाही.

कार्तिक वद्य द्वादशी

कवचं दिली.

आखाड्यात आम्ही दोघेच होतो, आणि जावई. तडजोडीचं शेवटचं बोलणं फिसकटलं होतं. तिकडचा तो गोड बोलणारा सारथी पाच गावं मागून गेला आणि थोरल्याने सुईच्या टोकावर मावेल एवढी माती द्यायचंही नाकारलं. हट्टीपणाला काही सुमार? मला तोंडावर सांगावंसं वाटलं, पण मी लोहार आहे, मूग गिळून बसलो.

त्याने कवचं हातात घेऊन उलटीपालटी केली, आतल्या कातड्यावरून अंगठा फिरवला. "काकूंनी शिवलंय?"

"हो. युवराज, मला मूल नाही. असतं तर त्याला बांधूनच पाठवलं असतं. तुम्ही बांधाल ना?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं कुणास ठाऊक. बोललो आणि मान खाली घातली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा हात जड आहे, तरी ठेवताना वजन दिलं नाही.

"बांधीन काका," म्हणाला.

घरी येताना पावलं हलकी पडत होती. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

सैन्य निघालं. पहाटेपासून रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काल शेवटचा सराव रात्री उशिरापर्यंत चालला म्हणून जावई आखाड्यातच राहिला होता; त्याला घरी आणायला गेलो, तर कवचं त्याच्या मांड्यांवर बांधलेली.

माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जावयाच्या मांड्या जाड, पट्टे पुरले नसावेत, तर थोरल्याने आपल्या शेल्याची पट्टी फाडून त्यांना जोड दिली होती आणि गाठी नीट दोनदा मारल्या होत्या. फार राग आला. रात्रंदिवस खपून केलेली वस्तू, आणि ती एका लोखंडाच्या ठोकळ्याला? थट्टाच करायची होती तर तोंडावर करायची.

गाठी सोडून कवचं काखेत मारली आणि वेशीकडे धावलो. या वयात धावणं म्हणजे काय ते धावणाऱ्यालाच माहीत. रथ वेशीतून बाहेर पडतच होता. मी कवचं वर करून हाका मारल्या. थोरल्याने वळून बघितलं. ओळखलं मला, शंकाच नाही. हसला. मग नको नको असा हात हलवला आणि तोच हात मागे, आखाड्याच्या दिशेने केला. धुळीत पुढचं काही दिसलं नाही.

वेशीपाशी दगडावर बसून रडलो. कुणी विचारलं असतं तर धूळ गेली म्हणालो असतो, पण कुणाला वेळ नव्हता.

परत आलो, हिला दाखवलं. हिने शेल्याची पट्टी हातात घेतली, तिची घडी केली, पुन्हा मोडली. "त्यांनी बांधलंय ते तुम्ही का सोडलंत?" म्हणाली. शेवटी कवचं होती तशी परत बांधली. कशासाठी, ते विचारू नये.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया

काम नाही. जावई घरात उभाच असतो, त्याला पोचे कोण पाडणार? दुपारची भट्टी पेटवतो आणि तशीच विझू देतो. ही मात्र सवयीने तेल चोळते. काल जेवताना तिने त्याच्याकडे बघून विचारलं, "तुमचं कसं चाललंय तिकडे?" आम्ही दोघेही हसलो.

रोज कुणाच्या ना कुणाच्या घरातून रडण्याचा आवाज येतो. थोरल्याचे भाऊ एकामागून एक पडताहेत. जीव टांगणीला लागलाय.

मार्गशीर्ष अमावास्या

थोरला गेला.

घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार आज परत आला, त्याने डोळ्यांनी बघितलंय. शेवटी हे दोघेच गदा घेऊन समोरासमोर उभे होते. मोतद्दार सांगत होता, "युवराजांची बरोबरीच नव्हती. त्याला थकवून थकवून आडवा केला. तो गुडघ्यावर आला, गदा हातातून सुटली. अजून एक घाव घातला असता की संपलं होतं."

"मग?"

"थांबले ना. म्हणाले, उठ. गदा घे. तो उठला, घेतली. आणि मग त्याच्याकडच्या कुणीतरी मांडीवर थाप मारून खूण केली."

पुढचं त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पडलेल्यावर वार करायचा नाही हा नियमच आहे, म्हणून थांबला असेल. पण नियम म्हणून थांबला असेल, तर मग मला एवढं रडू का येतंय, ते समजत नाही. ही आत जाऊन जावयाशेजारी जमिनीवर बसली आहे. मीही आता तिथेच जाऊन बसतो.

पौष शुद्ध षष्ठी

आज जे झालं ते सरळ लिहितो, मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

जिंकलेले भाऊ महाराजांना भेटायला येणार होते. सकाळी तो गोड बोलणारा सारथी आमच्या दारात हजर. जावयाबद्दल त्याला कुठून समजलं कोण जाणे. चौकशी मोठ्या आस्थेने केली. आतून पोकळ आहे का, छाती किती रुंद, उंची त्याच्याएवढीच ना. माझ्या कामात कुणी इतका रस घेतलेला बघून मी दुःखातही जरा सुखावलो. म्हणाला, दरबारात आणा, खांद्यावरून शाल पांघरा. मला वाटलं, मानाने ठेवणार. राख लावून घासला, शेवटच्या सरावाचे एक-दोन बारीक पोचे होते तेही काढून टाकले. कवचं तेवढी काढायला मन झालं नाही.

खांबाआड मी जावयाला उभा करत होतो, तेवढ्यात खरा तो शेजारी येऊन थांबला. तेरा वर्षं ज्याचं अंग घडवलं तो मी प्रथमच एवढ्या जवळून बघत होतो. थकलेला होता. आमच्या जावयाहून वयस्कर दिसत होता.

"हा मी?" त्याने विचारलं.

"हो."

"पोट एवढं नाही माझं."

"आचारी होतात म्हणून युवराजांनी वाढवायला लावलं. तीन बोटं. म्हणाले, पोटभर जेवला तरी असेल."

मग त्याने शालीखाली बघितलं. "हे काय मांड्यांना?"

म्हटलं, "मी युवराजांसाठी केलं होतं. त्यांनी जाताना याला बांधलं. पट्टा पुरला नाही म्हणून स्वतःचा शेला फाडला."

तो ती गाठ बघत राहिला. हात पुढे केला, पण लावला नाही. मग घाईघाईने खांबापलीकडे गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दगदग झाली असणार.

महाराज आले. म्हणाले, त्याला माझ्या जवळ आणा, मला त्याला पोटाशी धरायचंय. सारथ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, तसा मी जावयाला पुढे सरकवला. आंधळ्या म्हाताऱ्याने दोन्ही हात पसरले, मिठी मारली आणि आवळली. आवळतच गेला. लोखंड चिरडल्याचा आवाज मला भट्टीतही कधी ऐकू आलेला नाही. छाती पार आत गेली. महाराजांच्या तोंडातून रक्त आलं, ते खाली कोसळले आणि लहान मुलासारखे रडायला लागले, "मारलं मी त्याला, माझ्या पोराला मारलं." सारथी शांतपणे म्हणाला, महाराज, तो लोखंडाचा होता, खरा जिवंत आहे. तरी ते रडायचे थांबेनात.

जावयाला गोणपाटात गुंडाळून घरी आणलं. हिने दार उघडलं आणि एकदम तोंडावर पदर घेतला.

पौष शुद्ध द्वादशी

दुपारी महाराज भट्टीवर आले. बरोबर फक्त हात धरणारा एक सेवक, त्यालाही बाहेर थांबवलं. हिने बसायला पाट दिला. ते पाटावर बसले नाहीत, जमिनीवर जावयाजवळ बसले. त्याच्या चेपलेल्या छातीवरून बोटं फिरवायला लागले.

"माझा मुलगा कुठे मारायचा याला?"

"छातीवर, महाराज. डाव्या खांद्यावर. बरगडीपाशी."

"लागत नाहीये काही हाताला. खुणा कुठायत?"

मोठ्या मुश्किलीने म्हणालो, "मी रोज काढून टाकायचो. तेच माझं काम होतं. शेवटच्या दिवसाचे राहिले होते, ते त्या दिवशी दरबारात न्यायचं म्हणून काढले."

मला वाटलं, रागावतील. ते नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "माझ्या खिडकीत आवाज यायचा दुपारचा. मी त्याला कधी बघितलं नाही, माझं पोर मला आवाजातच होतं. तो मारायचा तसं मारून दाखव बरं."

मी घण उचलला. थोरल्याच्या गदेची बरोबरी घणाशिवाय कशाने होणार? जावयाच्या खांद्यावर एक घातला.

महाराजांनी तोंड वाकडं केलं. "छे. इतक्या जोरात नाही."

मी हातोडा घेतला.

"अजून हळू."

"महाराज, ती गदा होती."

"मला शिकवू नकोस. पहिली एक-दोन वर्षं जोर होता, माझी वामकुक्षी मोडायची. पुढे उतरत गेला. शेवटी शेवटी तर मी खिडकीला कान लावून बसायचो, तेव्हा ऐकू यायचं."

मी हातोडा धरून तसाच उभा राहिलो. पाणी द्यायची रीत, तापवायचं किती, बुडवायचं कधी. तुमचं लोखंड फार छान झालंय, काका. दाराशी ही उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. हिने नजर खाली वळवली. तिला आधीपासूनच माहीत असावं.

हातोडा खाली ठेवला. खिळे बसवायची सगळ्यात लहान हातोडी घेतली आणि मारलीच नाही, तिच्याच वजनाने जावयाच्या खांद्यावर पडू दिली.

"हां," महाराज म्हणाले. "हे. थांबू नकोस."

मी थांबलो नाही. ते मान कलती करून, डोळे मिटून ऐकत बसले, आणि मी हातोडी उचलत होतो आणि पडू देत होतो, उचलत होतो आणि पडू देत होतो. पत्र्यावर पोचा पडत नव्हता.